शिपचं पान

एस-एच

"एकीचं नाव एस, दुसरीचं एच. एस एकटी असली की सापासारखी सळसळते. एच एकटी असली की जिने चढून आलेल्या बाईसारखी धापा टाकते. आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की…"

"भांडतात," सृष्टी म्हणाली.

"नाही गं. दोघी आपापला आवाज टाकून देतात आणि तिसराच काढतात. श्श्श."

"म्हणजे आम्हाला गप्प बसवतात."

सीनियर केजीचा अख्खा वर्ग खिदळला. चैताली पगारेही हसली आणि हसता हसता तिनं दाराकडे पाहून घेतलं. दाराकडे पाहायची तिला सवयच लागली होती. कारण हे सगळं ती मराठीत सांगत होती, आणि ग्रीन स्टेप्स इंग्लिश स्कूलमध्ये मराठीला फक्त मावशींशी बोलण्यापुरती परवानगी होती.

पाथर्डी फाट्याजवळ हार्डवेअरच्या दुकानावरचे दोन मजले भाड्यानं घेऊन ही शाळा चालायची. खाली दिवसभर पत्रे आपटत, पाइप कापले जात. वर चैताली फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज, शिकवायची. एस-एच, सी-एच, टी-एच. दोन अक्षरं, मिळून एक आवाज. मराठीतलं जोडाक्षर बिचारं सरळ असतं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि दोघंही ऐकू येतात. इंग्रजीतल्या या जोड्यांचं तसं नाही. तिथं दोघींनाही माहेरचा आवाज विसरावा लागतो. हे एकदा पोराच्या डोक्यात उतरलं की झालं. मग शब्दातले आवाज सुटे काढायचे आणि जुळवायचे. श्… इ… प्. शिप.

हे सुटं काढणं आणि जुळवणं वर्गात खऱ्या अर्थानं एकटीला जमलं होतं. सृष्टी पोरजे. तिचा बाप राकेश घोटीहून तांदूळ आणून टेम्पोतून कॉलन्या-कॉलन्यांत विकायचा. सृष्टीचं वाचन म्हणजे विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढणं. दोर सोडायची, तळाशी धप्प व्हायचं, मग हात-हात वर ओढायची. वेळ लागायचा. पण वर यायचं ते पाणीच.

बाकीच्यांचं वाचन म्हणजे नळ. तोटी फिरवली की धो-धो. कधी कधी नुसती हवा.

चैतालीनं तिला वहीत नसलेला, कार्डावर नसलेला, कुणी कधी म्हणून न दाखवलेला शब्द फळ्यावर लिहून दिला होता. सृष्टीनं बोट टेकवलं, ओठ हलवले, थांबली, परत पहिल्यापासून आली. आणि मग तिचा चेहरा असा झाला, जणू बंद पेटीतून कुणी तिलाच हाक मारली. "शेल्फ!" ती ओरडली. "टीचर, शेल्फ! तुमच्यामागं आहे ते!"

चैतालीला त्या क्षणासाठी ही नोकरी हवी होती. बाकी त्या नोकरीत हवं असण्यासारखं फारसं काही नव्हतं.

सी-एच

शाळेचे मालक शेखर सर. शाळेआधी त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता आणि तो त्यांच्या डोक्यातून अजून उठला नव्हता. स्टेज म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं.

"फोनिक्स डे," ते म्हणाले. "मंगल कार्यालय बुक केलंय. मागं मोठा बॅनर. एक मूल, एक कार्ड, एक ड्रेस. फिश, चिक, मॉथ, व्हेल, फोन. मुलानं यायचं, आपलं कार्ड दाखवायचं, आपला आवाज काढायचा, शब्द म्हणायचा, टाळी घ्यायची. महिनाभर प्रत्येकाची फक्त त्याच्या कार्डाची तयारी. दुसरं काही नको, गोंधळ होतो."

"सर, मग एस-एचवाल्याला सी-एच येणार नाही."

"त्याच्या घरच्यांना कुठं सी-एच बघायचंय? ते आपलं पोर बघायला येणार." सर समजावून सांगायचे तेव्हा फार गोड व्हायचे. "मॅडम, मी हजार लग्नं लावलीत. मंत्र ऐकायला कोणी येतं का? लोक स्टेज बघतात, जेवतात, जातात. आणि संसार होतो की व्यवस्थित."

"सृष्टीला कुठलं कार्ड देऊ?"

सरांनी चष्मा वर केला. "पोरजे? ती अडखळते. तिला झाड करा. झाडाला बोलावं लागत नाही."

"सर, ती अडखळत नाही. ती वाचते. वर्गात ती एकटीच…"

"मॅडम. मी दारात उभा राहून ऐकलंय. प् प् प् करत बसते. पहिलीत अशी मुलं चालत नाहीत. तिला पहिलीत घ्यायचं की परत सीनियरला बसवायचं, ते फोनिक्स डे झाल्यावर बघू."

चैतालीनं हिरव्या क्रेप कागदाची पानं कापली. सृष्टी खूश होती. झाडाला पानं असतात, माशाला काय असतं?

टी-एच

इथं थोडं मागं जावं लागतं. टी-एच म्हणताना जीभ दातांमधून बाहेर काढावी लागते, आणि चैतालीला लहानपणी जीभ बाहेर काढल्याबद्दल आई भिमाबाईनं…

नाही, तिथून नको. तिच्या दहावीपासून.

दहावीला चैताली महापालिकेच्या मराठी शाळेत होती. इंग्रजीचे सर हुशार होते. पोरं नापास होऊ नयेत म्हणून त्यांनी उत्तरं पाठ करून घेतली. निबंध पाठ, पत्र पाठ, पत्राच्या खाली कोणाचं नाव लिहायचं तेही पाठ. चैतालीला सत्तरच्या वर मार्क पडले. भिमाबाईनं कॉलनीत पेढे वाटले. आणि पेढ्यांचा खोका हातात धरून उभ्या असलेल्या चैतालीला त्या खोक्यावरचं इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं.

पुढं बी.ए. तसंच झालं. डी.एड. तसंच. मग एका उन्हाळ्यात कॉलेज रोडला फोनिक्सचं प्रशिक्षण केलं, तेही शाळेत लागायला सर्टिफिकेट हवं म्हणून. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि म्हणाल्या, हा तुम्ही कोणी कधी पाहिलेला नाही, कारण हा मी आत्ता बनवलाय. वाचा.

चैतालीनं वाचला.

घरी येताना ती बसमध्ये बसलीच नाही. दुकानांच्या पाट्या वाचत चालत आली. पायाला फोड आले. रागही आला, आणि कोणावर काढायचा ते कळेना. ते दहावीचे सर वारले होते.

डब्ल्यू-एच

मंगल कार्यालयात सगळं सरांनी म्हटल्याप्रमाणे झालं. मासा आला, "एस-एच, श्श्, फिश!" म्हणाला, टाळ्या. पिल्लू आलं, "सी-एच, च्च्, चिक!" टाळ्या. पंख लावलेला मॉथ. कापसाचा फवारा उडवणारा व्हेल. पालकांचे मोबाइल आकाशकंदिलांसारखे वर धरलेले. मागं कोपऱ्यात एक झाड हात पसरून निमूट उभं.

प्रमुख पाहुणे म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक साधे गृहस्थ आणले होते. घोळ त्यांच्या कौतुकानं केला. त्यांना मुलं इतकी आवडली की ते खुर्चीतून उठले, माशाच्या हातातलं कार्ड घेतलं, पिल्लाच्या हातातलं घेतलं आणि अदलाबदल केली.

"आता तू हे वाच बरं," ते माशाला म्हणाले.

मासा होता आयुष. त्यानं चिकचं कार्ड डोक्यावर धरलं आणि छातीतला सगळा दम लावून ओरडला, "एस-एच, श्श्, फिश!"

सभागृह हसलं. लाडानं.

"नाही राजा. नीट बघ. यावर काय लिहिलंय?"

"श्श्! फिश!" आयुषला वाटलं आवाज कमी पडला.

पाहुण्यांनी व्हेलला फोनचं कार्ड दिलं. व्हेल म्हणाला, व्हेल. मॉथला दिलं. मॉथ रडू लागला. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. माणूस बँकेतला होता. खोट्या नोटेचा स्पर्श त्याच्या बोटांना ओळखता येत असावा. शेखर सर माइककडे निघाले.

त्यांच्या आधी चैताली निघाली. विंगेतून येऊन तिनं झाडाच्या पाठीवर हात ठेवला. "जा. वाचून दाखव. जसं वर्गात वाचतेस तसं."

हे तिनं सृष्टीसाठी केलं. असं ती स्वतःला सांगत राहिली.

झाड पुढं आलं. पाहुण्यांनी कार्ड धरलं. सृष्टीनं त्यावर बोट ठेवलं, आणि माइक तिच्या तोंडाशी होता.

"च्…"

सभागृहभर च् पसरला.

"…इ…"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"…क्. च्-इ-क्. चिक!"

"शाब्बास!" पाहुणे इतके आनंदले की त्यांनी दुसरं कार्ड धरलं. मॉथचं. "म्…" सृष्टी म्हणाली. "ऑ…" आणि मग, शिकवलं होतं तसं अगदी चोख, जीभ दातांत धरून, पुरती बाहेर काढून, "थ्थ्थ्."

आता सभागृह मोकळेपणानं हसलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि ते तीन रांगा मागं बसलेल्या राकेश पोरजेला स्वच्छ ऐकू गेलं, "अगं बाई, तोतरी आहे का ती? बिचारी."

"मॉथ!" सृष्टी म्हणाली. पाहुण्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

सीनियर केजी पेरेंट्स (ग्रुप)

आयुषची मम्मी: मुलांची महिनाभराची मेहनत वाया घालवली. आमचा घरी येऊन जेवला नाही

व्हेलचे पप्पा: पाहुण्यांना आधी सांगायला नको का काय करायचं ते

आयुषची मम्मी: पाहुण्यांचं सोडा, टीचरनी मुद्दाम त्या मुलीला पुढं केलं. बाकीची मुलं काय ढ आहेत?

कोणीतरी: 😂 व्हिडिओ

कोणीतरी: थ्थ्थ्थ् 😜

मॉथची आजी: असं हसू नये. जिभेखालचा दोरा आखूड असतो काही मुलांचा. वेळीच कापला तर बोलतात

शेखर सर: सन्माननीय पालक, झाल्या प्रकाराची शाळेनं गंभीर दखल घेतली आहे

राकेश पोरजेनं व्हिडिओ पाहिला. परत पाहिला.

कोरं कार्ड

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊनच शाळेत आला. सृष्टी पुढच्या सीटवर बसून डॅशबोर्डवरचं काहीतरी बोटानं वाचत होती.

"मॅडम, खरं सांगा. माझ्या पोरीत काय डिफेक्ट हाय का?"

"नाही हो. अजिबात नाही."

"मंग अशी काय करती? घरी तर फाडफाड बोलती. निसती टुरटुर. इंग्लिश समोर आलं का तोंडात गोटी धरल्यावानी करती."

"दादा, वाचायला शिकताना असंच होतं. आधी एकेक आवाज सुटा काढायचा. मग तो जुळतो. मग वेग येतो, आपोआप. तिला थोडे महिने द्या."

"आन बाकीची पोरं? त्यांना नाय महिने लागले?"

"ती वाचत नाहीत. ती पाठ म्हणतात."

राकेशनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गिऱ्हाइकाला जुना तांदूळ सांगून नवा देणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं त्यानं पाहिलं.

"मॅडम, मी व्हतो तिथं. सगळी पोरं खणखणीत बोलली. पाव्हण्यानं कार्डं बदलून बावचळून टाकली ती गोष्ट येगळी. माझ्याच पोरीला लोकं हासली." त्यानं आवाज खाली आणला. "आमची आई म्हणती जिभंखाली दोरा ऱ्हातो. घोटीला एक जण हाय, पात्यानं उलीसा कापतो, लय रगत नाय येत. रविवारी न्यावं म्हणतो."

चैतालीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. टेम्पोत सृष्टी तोंड हलवत होती. जीभ दातांत, जीभ आत.

"दादा, असं काही करू नका. तिच्या जिभेला काही झालेलं नाही. ती जीभ मी बाहेर काढायला शिकवलीय. तो आवाजच तसा असतो, हे बघा, थ्थ्," चैतालीनं शाळेच्या फाटकात उभं राहून जीभ काढून दाखवली.

राकेशनं मान फिरवली. आजूबाजूला पोरांना सोडायला आलेल्या बाया होत्या.

"डॉक्टरला दाखवा आधी," ती म्हणाली. "चांगल्या डॉक्टरला."

"डाक्टर पैशे खाऊन सहा चकरा मारायला लावतो. आन तवर पोरगी त्याच वर्गात बसंल. सर म्हणले, पंधरा दिवसांनी परत टेस घेतो. तुमच्यासमोर घेतो. घडाघडा वाचलं तर पहिलीत, नायतर नाय. मंग दोरा कापल्याबिगर कशी वाचंल घडाघडा? सांगा ना."

आणखी एक कोरं

"सर, तिला वेग येईल. पण पंधरा दिवसांत नाही."

"मॅडम, तुमच्यामुळं माझ्या दाराशी पालक येतायत," शेखर सर म्हणाले. आज ते गोड नव्हते. "तरी मी तुम्हाला काढलं का? नाही. उलट त्या पोरीला संधी देतोय. एक पान. शिपचं पान घेऊ, सोपंय. एका मिनिटात झालं पाहिजे. बापाला समोर बसवतो. बाप खूश, मी खूश, तुम्ही पण खूश व्हा ना कधीतरी."

"आणि ते एक पान पाठ असलं तर?"

सरांनी खांदे उडवले. "ते मला कशाला सांगता?"

घरी भिमाबाई तांदूळ निवडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि सुपातला एक खडा दाराबाहेर भिरकावला.

"चैते, तू पाठ करूनच दहावी झालीस ना?"

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? त्या मास्तरानं तुला पाठ करून दिलं म्हणून आज खुर्चीवर बसून शिकवतेस. नाहीतर माझ्यासारखी हापिसात फरशी पुसली असतीस. तुला तुझ्या तत्त्वाचं पडलंय. त्या पोरीच्या जिभेला उद्या पातं लागलं तर तुझं तत्त्व काय जखमेवर बोरॅक्स लावणार?"

चैतालीनं सूप आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "ती एकटी होती, आई. वर्गात एकटी."

"मग एकटीला मारू नको," भिमाबाई म्हणाली. "चारचौघींत घाल तिला."

शिप

मधल्या सुट्टीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात.

श्… इ… प्.

"नाही. आता तसं नाही करायचं."

श् इ प्.

"बोट काढ. बोट ठेवायचं नाही."

"बोट काढलं तर अक्षरं पळतात."

"पळू दे. अक्षरांकडे बघायचंच नाही. माझ्या मागून म्हण. द शिप इज इन द शेड."

"द शिप… टीचर, पान कुठंय?"

"पान नको. तोंडानं म्हण. द शिप इज इन द शेड. शी हॅज अ फिश ऑन अ डिश."

द शिप इज इन द शेड.

द शिप इज इन द शेड शी हॅज अ फिश

दशिपइजइनदशेडशीहॅजअफिशऑनअडिश

चैतालीनं हे काम मन लावून केलं. वाईट काम चांगलं कसं करायचं याचा तिच्याकडे जुना अनुभव होता. श्वास कुठं घ्यायचा, कुठं आवाज चढवायचा म्हणजे ऐकणाऱ्याला समजून वाचल्यासारखं वाटतं, नजर पानावरून कशी डावीकडून उजवीकडे फिरवायची. हे फिरवणं फार महत्त्वाचं. पहिले काही दिवस सृष्टीचा डोळा मधल्याच एखाद्या शब्दावर अडकायचा, ओठ आपोआप सुटे आवाज काढू लागायचे. तेव्हा चैताली टाळी वाजवायची. सृष्टी दचकायची आणि गाडी पुढं निघायची. नंतर टाळीची गरज पडेना.

"टीचर, हे सोपं आहे," एक दिवस सृष्टी म्हणाली. "याच्यात काहीच करावं लागत नाही."

राकेश रविवारी घोटीला गेला नाही. चैतालीनं त्याला फोनवर सृष्टीचा आवाज ऐकवला होता. "आरं तिच्या!" तो पलीकडून ओरडला होता. "मॅडम! ही आपली सृष्टी?"

पान

टेस्टच्या दिवशी शेखर सरांच्या केबिनमध्ये राकेश धुतलेला शर्ट घालून खुर्चीच्या काठावर बसला होता. चैताली भिंतीला टेकून. सृष्टी टेबलापुढं, हात मागं, शिकवलं होतं तसं.

सरांनी शाळेचं वाचनाचं पुस्तक उघडलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. पानं तिच्याकडे, पुठ्ठा स्वतःकडे. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर घड्याळ. तेवढ्यात पंख्यानं पान फडफडलं, सरांनी अंगठा सरकवून ते दाबून धरलं. "रेडी? स्टार्ट."

चैतालीच्या जागेवरून पान दिसत होतं. पानावर पिवळं पिल्लू होतं. बाकावर बसलेलं. शिपचं पान अंगठ्याखालून मागं गेलं होतं.

सृष्टीनं पानाकडे पाहिलं.

ती थांबली. अगदी थोडं. चैतालीनं तिचे ओठ पाहिले. ते हलले. आवाज न करता, आधीच्या सवयीनं, च्… इ… क्… आणि मग सृष्टीच्या चेहऱ्यावर ते आलं, शेल्फच्या दिवशी आलं होतं ते, पेटीतून हाक आल्यासारखं. तिला कळलं होतं. पान काय म्हणतंय ते तिला स्वच्छ कळलं होतं.

तिनं मान वळवून टीचरकडे पाहिलं.

आता बोलायला हवं होतं. सर, पान चुकलंय. तीनच शब्द. किंवा त्याहून बरं, सृष्टी, जे लिहिलंय ते वाच. हळू वाच. सरांचं घड्याळ चालू होतं, राकेशचे हात गुडघ्यांवर घट्ट होते, आणि सृष्टी अडखळली तर ते हात तिला येत्या रविवारी कुठं नेतील ते चैतालीला माहीत होतं.

चैतालीनं मान हलवली. हो. म्हण.

"द शिप इज इन द शेड," सृष्टी पिल्लाकडे पाहत म्हणाली, खणखणीत, नजर डावीकडून उजवीकडे, "शी हॅज अ फिश ऑन अ डिश," आणि तशीच पुढं, श्वास घ्यायचा तिथं घेत, आवाज चढवायचा तिथं चढवत, शेवटपर्यंत.

"एक्सलंट!" सरांनी घड्याळ राकेशला दाखवलं. पुस्तक मिटून टेबलावर टाकलं. "बघा पोरजे, एका मिनिटाच्या कितीतरी आत. मॅडमनी मेहनत घेतली हं."

राकेशचे डोळे भरले. तो उठला, सरांच्या पाया पडायला वाकला, मग चैतालीच्या. ती मागं सरकली.

"मॅडम, राग मानू नका," जिन्यात तो म्हणाला. "पण आधीच अशी शिकवली असती तर पोरीची भर सभेत शोभा नसती झाली."

"हो," चैताली म्हणाली.

तो टेम्पो वळवायला पुढं गेला. सृष्टी मागं रेंगाळली. तिनं चैतालीची ओढणी ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, "टीचर, सरांनी चिकचं पान धरलं होतं."

"माहितीये."

"मी वाचलं मनात. द चिक इज ऑन द बेंच. बरोबर?"

"बरोबर."

"सरांना नाही कळलं."

"नाही."

सृष्टीनं क्षणभर विचार केला. हार्डवेअरच्या दुकानात पत्रा आपटला. ती हसली, मोठ्या माणसाचं गुपित हाती लागल्यावर पोरं हसतात तशी, आणि चैतालीला ते हसणं तिच्या तोंडावर पहिल्यांदाच दिसलं.

"म्हणजे काही पण म्हटलं तरी चालतं," ती म्हणाली. "फक्त थांबायचं नाही."

राकेशनं हॉर्न दिला. चैताली वर वर्गात गेली. तिथं आयुषची मम्मी सरांचा ग्रुपवर नुकताच आलेला मेसेज मोबाइलवर उघडून वाट पाहत उभी होती. आमच्या आयुषकडून पण असंच करून घ्याल का हो मॅडम, म्हणत होती, त्या पोरजेसारखं.

"घेईन," चैताली म्हणाली. "कुठलं पान?"